विषाणूत विष नसते

माझ्या वडिलांना ऐकू कमी येते. दोन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला. रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी फोनवर सांगितले, "विषाणूंचा संसर्ग आहे, काळजी नको. विश्रांती घ्या, पाणी भरपूर प्या, तापाची गोळी लागली तरच घ्या." वडिलांनी ऐकले, "जिवाणूंचा संसर्ग आहे." जिवाणूंवर अँटिबायोटिक लागते हे त्यांना पक्के ठाऊक होते. डॉक्टर लिहून द्यायला विसरले असणार, असे त्यांनी धरून घेतले आणि मागच्या आजारपणातल्या चार गोळ्या कपाटात उरल्या होत्या, त्या सुरू केल्या. तीन दिवसांत ताप उतरला. तो तसाही उतरणारच होता. पण त्यांच्या मनात श्रेय त्या चार गोळ्यांच्या नावावर जमा झाले, आणि ते तिथून काढणे मला आजवर जमलेले नाही.

डॉक्टरांनी अचूक सांगितले होते. वडिलांची माहितीही अचूक होती. जिवाणू वेगळे, विषाणू वेगळे आणि अँटिबायोटिक एकावरच चालते, हे पुष्कळ शिकल्यासवरलेल्यांनाही माहीत नसते. तरी घोटाळा झाला, कारण हे दोन शब्द कानाला जवळजवळ एकच आहेत. जि-वा-णू, वि-षा-णू. दोन्हीकडे तीन अक्षरे. तिन्ही अक्षरांतले स्वर तेच आणि त्याच क्रमाने. शेवटचे अक्षर तेच. ‘व’ दोन्हींत आहे, फक्त जागा बदलून. वय वाढते तसे कानातून आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे श, ष, स यांसारखी व्यंजने. स्वर त्या मानाने टिकून राहतात. म्हणजे म्हाताऱ्या कानात या शब्दांचा जो भाग उरतो, तो हुबेहूब सारखा असतो. आणि डॉक्टरांचे बोलणे सगळ्यांत जास्त वेळा ऐकावे लागते ते याच कानांना.

ज्या वस्तू डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागत नाहीत, त्यांच्या बाबतीत नाव हीच आपल्यापाशी असलेली एकमेव खूण असते. घोडा आणि गाढव यांची नावे सारखी असती तरी चालले असते; समोर आल्यावर कळलेच असते. जिवाणू आणि विषाणू समोर येत नाहीत. म्हणून फार लहान वस्तूंची नावे एकमेकांपासून लांब असली पाहिजेत, कानालाही आणि अर्थानेही. मराठीत ती आज तशी नाहीत. जिथे मराठी शब्द फसवतो तिथे, निदान रुग्णाशी बोलताना, बॅक्टेरिया आणि व्हायरस हे शब्द आपण निःसंकोच वापरावेत, असे मला वाटते. हे लिहिणे मला सोपे गेलेले नाही. पेशी, केंद्रक, गुणसूत्र, प्रकाशसंश्लेषण हे शब्द मी शाळेत शिकलो आणि त्यांच्यामुळेच विज्ञान मला परके वाटले नाही. परिभाषा घडवणाऱ्यांविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे. तरीही.

आधी हे ‘अणू’ प्रकरण पाहू. जिवाणू, विषाणू, रोगाणू, शुक्राणू, आणि जाहिरातींतून हिंदीचे बोट धरून आलेला कीटाणू. अणू म्हणजे ‘अगदी बारीक’ या जुन्या, सैल अर्थाने ही सगळी नावे पडली. पण पुढे शाळेच्या पुस्तकाने अणूला नेमका अर्थ दिला: मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण, हायड्रोजनचा, कार्बनचा, ऑक्सिजनचा. सैल अर्थ आणि नेमका अर्थ एकाच वर्गात, एकाच मुलाच्या डोक्यात येऊन बसले. रसायनशास्त्राच्या तासाला अणू म्हणजे अणू, आणि पुढच्या तासाला जीवशास्त्रात विषाणू. त्या मुलाने विषाणू म्हणजे विषाचा अणू असे समजले, तर त्याला चूक कसे म्हणायचे? शब्द तेच सांगतो आहे.

खरे प्रमाण काय आहे? एका विषाणूत अणू असतात कोट्यवधी. एका जिवाणूत अब्जावधी. माणसाच्या एका पेशीत सुमारे 100 लाख कोटी. शुक्राणू ही तर आख्खी पेशी आहे, शेपटीसकट 50 ते 60 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब. तिला अणू म्हणायचे आणि तिच्या जोडीच्या पेशीला बीजांड, हा न्याय मला कधी समजला नाही.

आकड्यांनी अंदाज येत नाही, म्हणून मी मुलांना एक खेळ सांगतो. सगळ्या जगाला एक लाख पट मोठे करा. 100 नॅनोमीटरचा कोरोना विषाणू आता एक सेंटिमीटरचा झाला, बोटाच्या नखाएवढा. आतड्यात राहणारा ई-कोलाय हा जिवाणू 20 सेंटिमीटरचा झाला, वीतभर. रक्तातली तांबडी पेशी पाऊण मीटर रुंद, बसायच्या पाटाहून मोठी. डोक्याचा केस आठ मीटर जाड. ज्याच्या डोक्यावर तो केस आहे तो माणूस 170 किलोमीटर उंच. आणि अणू? एवढे सगळे फुगवल्यावरही अणू एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढाच राहिला. अजूनही दिसत नाही. नख, वीत आणि न दिसणारा ठिपका या तिघांना आपण एकाच प्रत्ययाने बांधले आहे.

कानाची आणि मापाची फसगत मी कदाचित सोसली असती. विषाणूतले ‘विष’ मला सोसवत नाही.

विष कसे वागते हे प्रत्येकाला ठाऊक असते. ते जेवढे शरीरात गेले तेवढेच असते. पातळ केले की त्याचा जोर कमी होतो. त्यावर उतारा असतो. ज्याच्या शरीरात गेले त्याला ते बाधते, शेजारी बसलेल्याला बाधत नाही. व्हायरस यातल्या एकाही बाबतीत विषासारखा वागत नाही. तो शरीरात जातो तेव्हा मूठभरही नसतो आणि दोन दिवसांत अगणित होतो, कारण तो पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून आपल्या प्रती काढून घेतो. तो मुळात एक मजकूर आहे, प्रथिनाच्या वेष्टनात गुंडाळलेला, ‘माझ्या प्रती काढा’ एवढेच सांगणारा. तो बाळगणारा माणूस धडधाकट दिसू शकतो आणि तरीही दुसऱ्याला आजारी पाडू शकतो. विषाची प्रतिमा डोक्यात घेऊन बसलेल्या माणसाला हे शेवटचे वाक्य पटवणे किती अवघड असते, ते साथीच्या दिवसांत सगळ्यांनी पाहिले. "मला काही होत नाहीये, मग मी घरात का बसू?" हा प्रश्न विषाच्या तर्काने अगदी बिनतोड आहे. लसीबद्दलची भीतीही तिथेच मुरलेली असते. दुबळा केलेला व्हायरस टोचतात, हे ऐकायला एक वेळ ठीक आहे. विषाणू टोचतात म्हटले की आईचा हात बाळाभोवती घट्ट होतो.

आता कोणी म्हणेल, व्हायरस या लॅटिन शब्दाचा अर्थही विषच आहे. बरोबर आहे. मराठी शब्द करणाऱ्यांनी काही चूक केली नाही, त्यांनी मुळाशी प्रामाणिक राहून अनुवाद केला. रशियात दिमित्री इव्हानोव्स्कीने 1892 मध्ये तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळला आणि गाळलेला रसही रोग पसरवतो असे पाहिले. 1898 मध्ये नेदरलँड्समधल्या मार्टिनस बायरिंकने तोच प्रयोग पुढे नेला. हा रस म्हणजे एखादे विषारी द्रव्य नाही, कारण झाडात तो वाढत जातो, असे त्याने दाखवले आणि त्याला ‘जिवंत द्रव’ म्हटले. म्हणजे व्हायरस हा शब्द ज्या शोधाला चिकटला, त्या शोधाचे सारच मुळी ‘हे साधे विष नव्हे’ असे होते. फरक इतकाच की आज बहुतेकांच्या कानात लॅटिन अर्थ मेलेला आहे. व्हायरस ऐकून कोणाला विष आठवत नाही. मराठी कानात विष जिवंत आहे, आणि जिवंत अर्थ काम करत राहतो, आपण सांगितले नाही तरी.

शिवाय मराठीत या शब्दाला एक नवे, अनपेक्षित आयुष्य मिळाले आहे. व्हिडिओ व्हायरल होतो. एकाने पाहिला, त्याने दहा जणांना पाठवला, त्यांनी शंभरांना. ज्याच्या फोनवर आला त्याच फोनने पुढच्या प्रती काढल्या. आठ वर्षांच्या मुलालाही ‘व्हायरल’चा हा अर्थ कळतो, आणि व्हायरसच्या खऱ्या वागण्याचे याहून चांगले चित्र मला तरी माहीत नाही. लोकांच्या जिभेवर आपोआप आलेला हा अर्थ सोडून आपण त्यांना विषाकडे का ढकलतो?

उलट बाजूही आहे. जिवाणू हा शब्द सोज्वळ वाटतो, विषाणू खलनायक. माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात, आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी किंवा उपकारकच आहेत. पण क्षय, पटकी, धनुर्वात हेही जिवाणूंचेच. व्हायरसांत तर असे व्हायरस आहेत जे फक्त जिवाणूंना मारतात. फेलिक्स देरेलने 1917 मध्ये त्यांना ‘जिवाणूभक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले, आणि औषधांना न बधणाऱ्या जिवाणूंविरुद्ध त्यांचा उपयोग आज पुन्हा करून पाहिला जात आहे. उद्या एखाद्या डॉक्टरला सांगावे लागेल, "तुमची जखम बरी व्हावी म्हणून आम्ही तुम्हाला विषाणू देणार आहोत." काय वाटेल ऐकणाऱ्याला?

हा शब्दांचा कीस वाटत असेल तर एक आकडा पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये 12 देशांत लोकांना अँटिबायोटिक्सबद्दल प्रश्न विचारले. सर्दी आणि फ्लू यांवर अँटिबायोटिक चालते, असे 64 टक्के लोकांनी सांगितले. सर्दी आणि फ्लू दोन्ही व्हायरसमुळे होतात. पेनिसिलिनसारखे औषध जिवाणूच्या पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही; व्हायरसला पेशीच नाही, तर भिंत कुठली? कुलूपच नसलेल्या दाराला किल्ली लावण्याचा हा प्रकार आहे. फक्त ती किल्ली वाया जाऊन थांबत नाही. शरीरातल्या बाकीच्या जिवाणूंना ती ओळखीची होते, त्यांतले जे तग धरतात ते वाढतात, आणि पुढे खऱ्या गरजेच्या वेळी औषध चालत नाही. औषधांना न बधणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसे थेट दगावल्याचा अंदाज आहे. या मृत्यूंची कारणे अनेक आहेत, शब्दांचा गोंधळ त्यांतले एक लहानसे. पण बाकीची कारणे दूर करायला पैसा लागतो, कायदे लागतात, वर्षे लागतात. शब्द बदलायला फक्त ठरवावे लागते.

नावांचा घोळ फक्त मराठीत आहे असेही नाही. रिशार्ड फायफरने 1892 मध्ये फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू शोधला आणि फ्लूचे कारण सापडले असे जाहीर केले. त्या जिवाणूला नाव मिळाले हिमोफिलस इन्फ्लुएंझी. 1918 च्या महासाथीत त्याच जिवाणूविरुद्ध लशी बनवल्या गेल्या, लोकांना टोचल्या गेल्या. माणसातला फ्लूचा खरा व्हायरस 1933 मध्ये हाती लागला. जिवाणूची निर्दोष सुटका झाली, नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. आज तान्ह्या बाळांना त्याच जिवाणूच्या ‘बी’ प्रकाराविरुद्ध लस देतात, मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजारापासून वाचवण्यासाठी. लसीच्या कार्डावर ‘इन्फ्लुएंझा’ हा शब्द वाचून आईवडील समजतात की बाळाला फ्लूची लस झाली. चुकीचे नाव सव्वाशे वर्षे टिकते, हा यातला धडा मला घाबरवतो.

आणि नावांतला घोळ तज्ज्ञांनाही किती वर्षे अडवू शकतो, याचे सर्वांत मोठे उदाहरण रसायनशास्त्रात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन डाल्टन अणूलाही अणू म्हणत होता आणि रेणूला ‘संयुक्त अणू’. 1811 मध्ये आमेदेओ अव्होगाद्रोने उलट केले. त्याने अणू हा शब्दच टाळला आणि दोन्हींना रेणूच म्हटले, मागे निरनिराळी विशेषणे लावून. त्याच्या लेखात त्या काळच्या मोठ्या कोड्याचे उत्तर होते: ऑक्सिजन वायूचा प्रत्येक कण दोन अणूंचा बनलेला आहे. पण कोणता ‘रेणू’ म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीवर थांबून ठरवावे लागे. या लेखाकडे दुर्लक्ष होण्याची इतरही कारणे होती, पण हे एक होतेच. पुढची जवळजवळ 50 वर्षे पाण्यात हायड्रोजनचा एक अणू की दोन, कार्बनचे वजन 6 धरायचे की 12, यावर एकमत नव्हते. ऑगस्ट केकुलेने आपल्या पाठ्यपुस्तकात एकट्या अ‍ॅसेटिक आम्लाची, त्या काळी वापरात असलेली 19 वेगवेगळी सूत्रे छापून दाखवली. अखेर सप्टेंबर 1860 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे चर्चेचा पहिला मोठा विषय कोणता? अणू आणि रेणू यांत फरक करायचा की नाही. स्तानिस्लाओ कान्निझारोने अव्होगाद्रोचे म्हणणे स्वच्छ शब्दांत मांडले, त्याची पुस्तिका जाता जाता प्रतिनिधींच्या हाती पडली, आणि तिथे हजर असलेल्या तरुण मेंडेलिव्हने 9 वर्षांनी मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडली. अणुभारांचा गोंधळ मिटल्याशिवाय ती सारणी जमणे शक्य नव्हते.

अणू आणि रेणू. याबाबतीत मराठीचा मला खरोखर अभिमान वाटतो. दोन लहान, सुटसुटीत, कानाला पुरेसे वेगळे शब्द. पाण्याच्या एका रेणूत तीन अणू, वाक्य संपले. हिंदीत हीच गोष्ट सांगताना आपल्या अणूला परमाणु म्हणतात आणि आपल्या रेणूला अणु. ती त्यांची व्यवस्था आहे आणि तिच्या जागी ती ठीक आहे. पण आता यंत्राने केलेले अनुवाद आणि हिंदीवरून घाईने उतरवलेला मजकूर यांतून ‘पाण्याच्या अणूत तीन परमाणू’ अशी वाक्ये मराठीत सर्रास दिसतात. वाचणारा मुलगा परीक्षेत कोणता अणू लिहील? युरोपला अर्धे शतक छळून गेलेला गोंधळ आपण विनाकारण घरात आणतो आहोत. पेशीचेही तेच: मराठीत ती जीवाचा मूलभूत घटक, हिंदीत पेशी म्हणजे स्नायू. ज्याला परिभाषेची आच आहे त्याने व्हायरस या शब्दाशी भांडण्याआधी इथे पहारा द्यावा, असे मला कळकळीने वाटते.

रेणू शब्दाच्या मागे एक सुंदर गोष्टही आहे. वैशेषिक या प्राचीन भारतीय दर्शनात परमाणू अदृश्य. दोन परमाणूंचे द्व्यणुक. तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, आणि तो म्हणजे झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा धुळीचा कण, दृष्टीला पडणारी सर्वांत लहान वस्तू. म्हणजे त्या कणात सहा परमाणू. प्रत्यक्षात तिथे अणूंची संख्या लाखो कोटींच्या घरात जाते. पण दिसण्याच्या सीमेवर बोट ठेवून तिथून खाली पायऱ्या मोजायच्या आणि प्रत्येक पायरीला निराळे नाव द्यायचे, ही शिस्त मला फार मोलाची वाटते. ‘सगळेच बारीक’ म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत.

आज आपण हात झटकतो ते ‘सूक्ष्म’ या शब्दाने. सूक्ष्मजीव म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसणारे जीव. सूक्ष्मप्लास्टिक म्हणजे पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे. त्यांतले मोठे तुकडे चांगले मुंगीएवढे असतात, चिमटीत धरता येतात. सूक्ष्म अन्नघटक म्हणजे लोह, आयोडीन, जीवनसत्त्वे. इथे सूक्ष्म आहे ती रोजची गरज, घटकाच्या आकाराचा संबंधच नाही. हवेच्या प्रदूषणाच्या बातम्यांत 10 मायक्रोमीटरचे कण सूक्ष्म, अडीच मायक्रोमीटरचेही सूक्ष्म, कधी अतिसूक्ष्म. मोठे कण बहुतांशी नाकात, घशात, मोठ्या श्वासनलिकांत अडकतात. अडीचवाले थेट फुप्फुसांच्या तळाशी पोचतात. श्वास घेणाऱ्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथेच आहे, आणि नेमका तोच ‘सूक्ष्म’ गिळून टाकतो. इथे विशेषणे वाढवून भागणार नाही. आकडा लिहावा. ‘अडीच मायक्रोमीटरपेक्षा लहान कण’ हे लांबलचक आहे, पण खरे आहे.

जंतू या शब्दाबद्दल थोडक्यात. मूळ अर्थ कोणताही प्राणी. त्याचाच अपभ्रंश जंत, जे वीतभर लांब असू शकतात. पोटात जंत होणे आणि पोटात जंतुसंसर्ग होणे यांची औषधे पूर्ण वेगळी आहेत. जंतुनाशकाच्या बाटलीवर हा शब्द शोभतो, तिथे सरसकट सगळ्यांनाच मारायचे असते. आजाराचे कारण सांगताना तो वापरणे म्हणजे काहीच न सांगणे.

मापाच्या नावांत मात्र परके शब्द आपण मुकाट्याने स्वीकारले आणि काहीही बिघडले नाही. मायक्रो, नॅनो, पिको. नॅनोच्या मुळाशी बुटका या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, फेम्टो आणि अ‍ॅटो हे डॅनिश भाषेतले पंधरा आणि अठरा. कोणाला ते माहीत असण्याची गरज पडत नाही. शब्द रिकामा असतो म्हणून आकडा त्यात नीट बसतो. अडचण येते ती लिहिताना. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा फरक आहे. थायरॉइडच्या गोळीत औषध 25, 50, 100 मायक्रोग्रॅम असते. मायक्रोसाठी वापरतात ते ग्रीक म्यू हे अक्षर घाईच्या हस्ताक्षरात इंग्रजी एमसारखे दिसते, आणि एका अक्षराच्या वळणाने मात्रा हजारपट होऊ शकते. म्हणूनच ब्रिटनच्या अधिकृत औषधसूचीत मायक्रोग्रॅम हा शब्द संक्षेप न करता पूर्ण लिहावा असा नियम आहे. देवनागरीत लिहितानाही ‘मि.ग्रॅ.’ आणि ‘मा.ग्रॅ.’ असले जोड टाळावेत. एका वेलांटीवर आणि एका कान्यावर कोणाचा जीव टांगणीला का लावायचा?

परिभाषेच्या बाजूने जो सर्वांत बळकट आक्षेप घेता येतो तो असा: विषाणूपासून विषाणुजन्य, विषाणुशास्त्र, विषाणुरोधक असे शब्द सहज होतात, व्हायरसपासून होत नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे. पाठ्यपुस्तकात, प्रबंधात, शास्त्रीय लेखात जिवाणू-विषाणू राहावेत; छापलेला शब्द डोळ्यांनी वाचला जातो, तिथे ‘जि’ आणि ‘वि’ची गल्लत होत नाही. फक्त पहिल्या उल्लेखाला विषाणू म्हणजे व्हायरस हे सांगावे आणि ‘अणू’ची मापे तिथेच स्पष्ट करावीत. मात्र माप सांगितले की काम झाले असेही नाही. 1992 मध्ये इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात सापडलेला एक जीव साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता, म्हणून त्याला जिवाणू समजले गेले. 2003 मध्ये कळले की तो व्हायरस आहे; त्याचे नावच ‘नक्कल करणारा’ या अर्थाचे मिमिव्हायरस ठेवले. उलट 2022 मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या खारफुटीतून असा जिवाणू पुढे आला की जो दोन सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकतो, नुसत्या डोळ्यांना दोऱ्यासारखा दिसतो. तेव्हा मुलांना शेवटी सांगायचे ते वागण्याबद्दल: एक स्वतः खातो, वाढतो, दुभंगतो, दुसऱ्याला प्रती काढायला दुसऱ्याचे घर लागते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. रुग्णाला एवढे कशाला सांगायचे, "इन्फेक्शन आहे" म्हटले की पुरते. मला हे पटत नाही. इन्फेक्शन हा शब्द ऐकून घरी गेलेला माणूस पुढच्या वेळी दुकानातून गोळी घेतो, कारण मागच्या इन्फेक्शनला हीच दिली होती. त्याने कोणत्या इन्फेक्शनला हे विचारावे अशी अपेक्षा असेल, तर तो शब्द त्याच्याकडे कोणीतरी आधी द्यायला हवा.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, औषधांच्या वर, चार चौकटी छापाव्यात: बॅक्टेरिया, व्हायरस, बुरशी, परजीवी. त्यांतल्या एकीत खूण करावी आणि तो शब्द रुग्णासमोर मोठ्याने म्हणावा. लिहिलेले वडिलांसारख्यांना वाचता येते, पुन्हा पुन्हा वाचता येते, फोनवर ऐकलेल्याशी ताडून पाहता येते. पाचवी चौकटही हवी: अजून नक्की नाही. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले बॅक्टेरिया प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि तोवर डॉक्टरांना अंदाजानेच चालावे लागते. अंदाजाने अँटिबायोटिक सुरू करणे काही वेळा योग्यच असते. ते तसे लिहिलेले असले, तर रिपोर्ट आल्यावर गोळी बदलली किंवा थांबवली म्हणजे डॉक्टर चुकले होते असे घरात कोणी म्हणणार नाही, आणि उरलेल्या चार गोळ्या कपाटात का ठेवायच्या नाहीत हे सांगायला मला त्या कागदावर बोट ठेवता येईल.